लीलाक्काची डावी बाजू

५ जानेवारी १९७४, सांगली

आबा कृष्णेत बुडाले. फक्त मिशा वर!

मी कॅमेऱ्यातला रोल पुढे सरकवायला विसरले, दुसरं काय. आधी घाट काढला, मग त्याच चौकटीवर आबा काढले. बशीरभाईंनी रोल धुऊन दिला तेव्हा त्यांच्या स्टुडिओत आलेली सगळी गिऱ्हाइकं बघायला जमली. घरी आबा म्हणाले, "इतकी वर्षं फौजेत काढली, कुठं बुडालो नाही. पोरीनं घरच्या घरी बुडवलं." पण फोटो फाडला नाही. पाकिटात ठेवला. मी पाहिलं.

ही डायरी मराठीत, कारण साताऱ्याला बोर्डिंगात माझी इंग्रजी डायरी मुलींनी जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचली होती. माझं मराठी अक्षर कुणाला लागत नाही. उद्या मलाही लागलं नाही तर बरंच.

९ जानेवारी

ते पुस्तक मिळालं! कॉलेजच्या लायब्ररीत सगळ्यात वरच्या फळीवर. युरोपातली चित्रं, प्रत्येकावर पातळ कागद. एक डच चित्रकार आहे, त्याच्या सगळ्या बायका खिडकीपाशीच उभ्या. दूध ओततात, पत्र वाचतात, काहीच करत नाहीत. उजेड एका गालावर. दुसरा गाल तुम्ही मनात पुरा करायचा. मी इतका वेळ बघत बसले की लायब्ररीवाल्यांनी पंखा बंद केला.

ठरलं. बी.ए. झालं की बडोदा. आर्ट हिस्टरीत एम.ए. आमच्या मॅडम म्हणाल्या, अर्जासोबत स्वतः काढलेले फोटो आणि टिपणं जोड, छाप पडेल.

१० जानेवारी

आबांना सांगितलं.

"चित्रं बघायला एम.ए. लागतं?"

"बघायला नाही आबा. कशी बघायची त्याला."

"डोळ्यांनी."

मग म्हणाले – "लीलाचं ठरू दे आधी. थोरली घरात बसलीय आणि मी धाकटीला परमुलखात धाडली तर नाना काय म्हणेल?"

म्हणजे नाही म्हणाले नाहीत! फक्त लीलाक्काचं लग्न ठरायला हवं. ती माझी चुलत बहीण, नानाकाकांची, कुंडलला असते, एवढी छान आहे. ठरेलच.

१३ जानेवारी, कुंडल

संक्रांतीला नानाकाकांकडे आलोय. उसाला पाणी, काकींच्या तिळाच्या वड्या, आणि देवळामागे एक वीरगळ! लढाईत मेलेल्या कुणाची तरी शिळा. मॅडमनी वर्गात सांगितलं होतं तसंच सगळं – खाली लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो पिंडीची पूजा करत बसलाय. शेजारी सूर्य-चंद्र.

दुपारी गेले तर दगड भाकरीसारखा सपाट. काही दिसेना. काकांचा गडी केरबा बैल घेऊन चालला होता, तो थांबला. "काय करताय मनूताई?"

"फोटो काढतेय."

"दगडाचा? जित्ती माणसं हायत की हितं." आणि केस नीट करून बैलाशेजारी उभा राहिला. काढला. बैल हलला.

१४ जानेवारी

सकाळी पुन्हा गेले. ऊन नुकतंच वर आलेलं, तिरपं, दगडाला बाजूनं घासून जाणारं. आणि तोच दगड! घोडा उडी मारून बाहेर. तलवार, अप्सरेचं पोट, तिच्या कमरेची घडीसुद्धा. सावली पडली म्हणून सगळं दिसलं. मी एकटीच हसत होते. तीळगूळ वाटायला निघालेल्या बायका लांबून वळून गेल्या.

रात्री काका म्हणाले, "तुज्या त्या डब्यानं आमच्या लीलाचा एक फोटू निघंल का? माधवनगरला एक जागा हाय. मिलमधी सुपरवायजर. ष्टुडिओत गेली की ही लाकडागत बसती."

निघेल का? काका!

"आनि जमलं तर आबाला बडोद्याचं मी सांगतो. माजा शबुद मोडत न्हाई त्यो."

१५ जानेवारी

लीलाक्कानं गोठ्यात धार काढता काढता सांगितलं. कुणाला सांगायचं नाही म्हणाली. पण डायरी, तू तर कागद आहेस.

त्या मिलवाल्याला तिनं बघितलंय. जोतीराम नाव. माधवनगरच्या एका लग्नात पंगतीत वाढत होता. "मला जिलबी दोनदा वाडली. आनि मी मागितली नव्हती."

"मग?"

"मग काय. खाल्ली."

आणि दुधाची कासंडी उचलून निघून गेली, कानापर्यंत लाल.

१६ जानेवारी

काढला! आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो.

गोठ्याच्या दारात उभी केली. सकाळचं तिरपं ऊन दारातून तिच्या उजव्या अंगावर, मागं अंधार. हातात कासंडी. पावडर लावून आली होती, ती पुसायला लावली. काकी अंगणातून ओरडत होत्या, "आगं उजेडात घे की तिला." मी म्हटलं, काकी, हाच उजेड. लीलाक्का म्हणाली, "मनू, कुटं बघू?" म्हटलं कुठंच बघू नकोस, जिलबी आठव.

त्या क्षणी दाबलं.

२२ जानेवारी, सांगली

बशीरभाईंनी मोठा करून दिला. मी नाचायची बाकी राहिले. उजवा गाल, नथ, कासंडीची कड – लख्ख. डावी बाजू गडद काळी, अंधारात मिसळलेली. त्या डच माणसानं कुंडलला येऊन काढावा असा.

बशीरभाई चष्मा वर करून बघत राहिले. "बेटी, ये रिश्त्याला पाठवायचाय ना?"

"हो."

"मग अर्धीच का पाठवते? दे इकडं, ब्रशनं थोडं उजळून देतो. एक डोळा तरी काढतो."

मी फोटो छातीशी धरून पळाले. डोळा काढतात म्हणे!

काकांनी सांगितलंच होतं, वाकडी वाट नको, थेट पोचव. सायकल काढली आणि माधवनगरला मुलाच्या मामांच्या हातात देऊन आले. लालासाहेब मामा. मिशा आबांपेक्षा मोठ्या. फोटो उलटा करून पाठीमागंही बघितलं.

२ फेब्रुवारी

काका स्वतः आले. एस्टीनं, न सांगता. मी पोस्टानं धाडलेली दुसरी कॉपी टेबलावर टाकली.

"ह्यो काय हाय?"

"लीलाक्का."

"अर्धी! ऱ्हायलेली कुटं गेली? तुजी काकी म्हनती तोंडाला गिऱ्हाण लागलंय पोरीच्या. लालासाहेबाचा निरोप आलाय – पोरीला डावा डोळा हाय का न्हाई?"

आबा खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. काकांनी बघितलं, मग त्यांनाही हसू आवरेना. पण चहा पिऊन झाल्यावर गंभीर झाले. ते लोक दहा तारखेला येतायत. खात्री करायला.

मी समजावलं – दगडावर तिरपं ऊन पडलं की कसं – काका म्हणाले, "आगं पर ती दगड हाय का?"

१० फेब्रुवारी, कुंडल

काय दिवस! हात दुखेपर्यंत लिहिणार.

तिघं आले. लालासाहेब मामा, मुलाची आई, आणि तो स्वतः. उंच, शर्टाची बाही दुमडलेली, फार बोलत नाही. लीलाक्का पोहे घेऊन आली. मामा म्हणाले, "बस पोरी. हितं नगं, खिडकीकडं." बसली. "आता जरा तिकडं बग." बघितलं. "आता हिकडं." कणीस फिरवून बघतात तसं. काकी दाराआड पदर चावत होत्या.

मग मुलाची आई सरळच म्हणाली, "राग मानू नगा, पर डाव्या अंगाला काय डाग-बिग हाय का काय, असं वाटलं आमाला."

मला हसू फुटलं! आवरेच ना. म्हटलं, मावशी, तिचं काही नाही हो, माझंच चुकलं. आणि पळत जाऊन वीरगळाचे दोन्ही फोटो आणले. दुपारचा सपाट, सकाळचा जिवंत. शेजारी लीलाक्काचा ठेवला. पुस्तकही आणलं होतं, तेही उघडलं. सगळं सांगितलं – सावली म्हणजे लपवणं नाही, सावली पडते म्हणून आकार कळतो – मामा मान डोलावत होते, आई म्हणाली, "बया, किती बोलती गं ही!" पण हसत.

जोतीराम म्हणाला, "म्हणजे दगडाला दिलेलाच उजेड हिला दिलाय."

"हो!"

"आम्ही मिलमध्ये कापड असंच बघतो. उजेडाला तिरकं धरून. समोरून बघितलं तर सुतातली गाठ दिसत नाही."

अरे! हे टिपणात घालायलाच हवं. मग तो विचारतच राहिला – ढग असताना काय करता, रोल कुठं धुता, बडोद्याला आणखी काय शिकवतात. त्या डच बायका त्यानं एकेक करून बघितल्या. लीलाक्कानं त्याला पोहे दोनदा वाढले, त्याला कळलंसुद्धा नाही. सगळं लक्ष फोटोत. माझ्या फोटोत!

जाताना आई काकींना म्हणाली, "घर लय आवडलं." जमलंच म्हणायचं. काकांनी माझ्या पाठीत थाप मारली. बडोदा, बडोदा, बडोदा.

१४ फेब्रुवारी, सांगली

निरोप नाही. अर्जाचं टिपण लिहून झालं. कापडाचं उदाहरण फार शोभतंय.

१८ फेब्रुवारी

निरोप आला.

घर पसंत. मुलगी पसंत. धाकटी.

१९ फेब्रुवारी

आबा म्हणतात, मुलगा चांगला आहे. बडोदा कुठं पळून जातंय का? मी म्हटलं, आबा, ते लीलाक्काला बघायला आले होते. आबांनी पेपर उघडला.

सगळ्यात वाईट म्हणजे काका रागावले नाहीत. त्यांनीच सांगून पाठवलंय – "मनूचं तरी हुंदे. चांगली जागा सोडू नगा." मुलाचा थोरला भाऊ मिलिटरीत, जम्मूला आहे. त्याला दाखवायला माझा एक फोटो हवाय. चांगला, उजेडातला, असं मुलाच्या आईनं मुद्दाम कळवलंय.

मागचं पान वाचलं. पोहे दोनदा वाढले, त्याला कळलंसुद्धा नाही. हे मी लिहिलंय. आनंदानं. पुढं उद्गारचिन्हही दिलंय.

दगडावरची घडी दिसली मला. लीलाक्काचं तोंड त्या दिवशी कसं होतं, आठवतच नाही. एकदाही बघितलं नाही.

२३ फेब्रुवारी, कुंडल

लीलाक्काशी बोलायला आले. ती भाकरी थापत होती. मी बोलत राहिले, ती थापत राहिली. शेवटी म्हणाली, "लय बोलतीस तू."

"आक्का, मला तो नको. मला बडोद्याला जायचंय. तुझी शप्पथ."

"ठाव हाय मला." भाकरी उलटली. "फोटू पायजे न्हवं त्यास्नी तुजा? ष्टुडिओत नगं. मी काडते."

"तुला येतो?"

"डबा तर हाय. एक डोळा झाकायचा नि दाबायचं. का त्यालाबी एम्मे लागतं?"

पाच दिवसांत पहिल्यांदा हसले.

२४ फेब्रुवारी

तेच गोठ्याचं दार. तिनं मला बरोबर चौकटीत उभं केलं, पाठ उन्हाकडं. स्वतः आत, अंधारात, गाईच्या शेजारी.

म्हटलं, "आक्का, उलटं होतंय. मी पार काळी येईन."

"ठाव हाय. माजी अर्धीच केलीस. तुजी पुरती करते."

तिचा आवाज चेष्टेचा होता की नव्हता, कळलं नाही. तिचं तोंड मला दिसत नव्हतं.

खट् झालं. मग मागची चावी फिरवल्याचा आवाज आला. मी नेहमी विसरते ती.

"सारला रोल फुडं," ती म्हणाली. "तुज्यावर मी नगं, माज्यावर तू नगं."

१ मार्च, सांगली

फोटो आला. दार आहे, ढीगभर उजेड आहे, मधे एक काळी बाई. नाक नाही, डोळा नाही. बशीरभाईंनी ब्रशचं नावसुद्धा काढलं नाही. आबा बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "बडोद्याचा अर्ज कधी धाडायचाय?"

लीलाक्का बाजाराला म्हणून काकांबरोबर आली होती. माधवनगरला धाडायच्या पाकिटात तिनं माझा काळा फोटो घातला. पिशवीतून स्वतःचा, तो गोठ्यातला काढला आणि त्याच्यावर ठेवला. जिभेनं पाकीट चिकटवलं.

"शेजारी शेजारी ठिवून बगा म्हनावं," ती म्हणाली. "आनि कोन दिसतंय तेवडं कळवा."