डाव्या डोळ्यावरचा पट्टा

५ मार्च, मंगळवार

…नवरा जाऊन चाळीस दिवस झाले त्या सकाळीही रोजचीच कामं केली होती. चुलीतली राख काढली, कोंबड्यांना दाणे टाकले, मेलेल्याच्या नावाने वाटायचे गहू शिजवून वर साखर पसरली. मग वाचनालयाच्या ऑफिसात जाऊन ग्रोझ्दानचे चाळीस दिवसांचे कागद छापले. त्याचा फोटो, नाव, खाली माझं नाव. आमच्या गावात मेलेल्या माणसाचे कागद लावतात तसे फाटकावर, खांबांवर, बस-थांब्यावर चिकटवले. चष्मा डोळ्यांवर चढवला तो बेकरीपाशी. नवऱ्याच्या डाव्या डोळ्यावरून थेट खांद्यापर्यंत काळा पट्टा. ऑफिसच्या प्रिंटरने ओढलेला. बेकरीवालीने विचारलं, शेवटी शेवटी डोळा गेला होता का गं त्यांचा.

पंधराला सहा महिने होतील. त्या दिवशी गावात त्याचा चेहरा स्वच्छ लागला पाहिजे, आणि तो प्रिंटर या जगात नसला पाहिजे. हा सूड नव्हे. मी शांत डोक्याची बाई आहे. ग्रोझ्दानचा हातोडा खिळ्यावरून काढून दाराशी ठेवला, एवढंच.

६ मार्च

वाचनालयाच्या अध्यक्षाला, कामेनला सांगितलं, नवा प्रिंटर घ्या. माझी शाळा सातवीतच सुटली, पण या वाचनालयातलं एकही पुस्तक मी सोडलेलं नाही. वादात मला कोणी हरवत नाही. थोड्याच वेळात ठरलं : दुरुस्ती. हिशेब बघणारी झोरका म्हणाली, चालतोय की बिचारा. बिचारा! सहा महिन्यांत हा शब्द तिने माझ्यासाठी एकदाही वापरला नाही.

दुपारी. दुरुस्ती म्हणजे माफी. माफी नाही.

७ मार्च

उद्याच्या महिला दिनाची पत्रकं. महापौर बोलणार, म्हणून त्यांचा फोटो मोठा. कामेन म्हणाला, मेकॅनिक येऊ दे, मग छापू. मी म्हटलं, एवढ्यासाठी कशाला थांबायचं? काळं-पांढरं छापलं. पट्टा आलाच. नेहमीच्या खांबांवर लावलं. दुसरे खांब मला ठाऊक नाहीत.

८ मार्च

दुपारपर्यंत नगरपालिकेच्या पायरीवर फुलं. सगळी जोडीने ठेवलेली, मेलेल्यांना ठेवतात तशी. महापौरांची आत्या बसने आली, शिजवलेले गहू घेऊन. कामेन घामाघूम होऊन माझ्यापुढे उभा.

“दोनावहिनी, माणूस जिवंत आहे.”

“मग? खाली लिहिलंय ना, संध्याकाळी बोलणार म्हणून.”

झोरका खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेली. महापौर संध्याकाळी बोलले, पण लोक डोक्यावरच्या टोप्या हातात घेऊनच बसले होते.

मुद्दाम केलं नाही. पण झालं ते छान झालं.

११ मार्च

नवा प्रिंटर मंजूर. महापौरांनी स्वतः फोन केला. जुना मागच्या शेडमध्ये. त्याची विल्हेवाट मी लावते म्हटलं, कोणी हात लावायचा नाही. हातोडा पिशवीत घातला. आज पाठ दुखतेय, म्हणून उद्या.

१२ मार्च

पाऊस. शेडमध्ये चिखल. उद्या.

१४ मार्च

नवा आला. पहिला कागद ग्रोझ्दानचा. काय सांगू, मिशीचा केस न् केस. दोन्ही डोळे. मी सगळ्यांकडे बघितलं, जिंकलेल्या माणसाने बघावं तसं. मग झोरका वाकली.

“ही बोटं कोणाची गं?”

डाव्या खांद्यावर चार बोटं. माझीच. समुद्रावरचा फोटो होता, आम्हा दोघांचा. कात्रीने मी स्वतःला कापून टाकलं होतं. बोटं राहून गेली. एवढ्याशा फोटोत कळली नाहीत, आणि चाळीस दिवसांच्या कागदावर त्यांच्यावर पट्टा होता.

“जिवंत बाईचा हात मेलेल्याच्या कागदावर? काढ गं बाई, बरं नाही ते,” झोरका म्हणाली. कामेन मनाने चांगला आहे. कॉम्प्युटरवर बसला आणि बघता बघता बोटं पुसली. खांदा कोरा. तिथे कधी कोणी नव्हतंच जणू.

मी म्हटलं, शाबास. हेच हवं होतं. कागद मात्र घेतले नाहीत, हात ओले होते.

सूड पुरा झाला. समाधान आहे. जेवण गेलं नाही, मिरच्या तिखट निघाल्या.

१६ मार्च

जुन्या प्रिंटरमध्ये टोनर शिल्लक होता. चांगला टोनर फेकून देणारी बाई मी नाही. यात दुसरं काही नाही.

म्हणून काल, पंधराला सकाळी, तो शेडमधून आत आणला, पुसला, बोटांसकटचा फोटो घेऊन कागद छापले आणि चौकापासून घरापर्यंत सगळ्या खांबांवर लावले. पट्ट्याखाली काय आहे ते कोणाला दिसत नाही. घरी येऊन हातोडा खिळ्याला टांगला.