सीलबंद सात पेट्या

दि. ९ फेब्रुवारी १९७८

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, पिंपळखोरी

विषय : मुदत संपलेल्या सरकारी औषधांच्या पेट्या माझ्या शेडमधून हलवून नष्ट करणेबाबत.
संदर्भ : माझे पाच अर्ज व आपले एकच उत्तर, ‘समितीबाबत कार्यवाही चालू आहे’.

महोदय,

कारणे अर्ज करतो की, १९७६ च्या पावसाळ्यात केंद्राचे छप्पर गळू लागले, तेव्हा आपल्या कंपाउंडरने औषधांच्या सात पेट्या ठेवायला आठ दिवसांसाठी जागा मागितली. द्राक्षे भरायच्या शेडमधली एक खोली मी माणुसकीने दिली. छप्पर दुरुस्त झाले, पेट्या मात्र राहिल्या आणि त्याच दिवाळीत आतल्या औषधांची मुदत संपली.

२. फेकू म्हटले, तर सरकारी माल. परत न्या म्हटले, तर मुदतबाह्य माल केंद्रात ठेवता येत नाही. पुरायचा, तर तीन साहेबांची समिती हवी. आपण सांगितलेत म्हणून मी खोल खड्डा खणला, चुना आणून ठेवला. सव्वा वर्षात तिघांना एक दिवस सवड झाली नाही. उलट आपण खोलीला कुलूप घालून लाखेचे सील लावलेत.

३. त्या सीलनेच घात केला. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मनुबाईची सून येसूबाई तापाने फणफणली होती. केंद्रातून नेहमीचे लाल पाणी मिळाले. मनुबाईला अक्षरओळख नाही. तिने खिडकीचा गज वाकवून पेटीतल्या कॅप्सूल काढल्या आणि सुनेला दिल्या. विचारले तर रडत म्हणाली, “आवं, लाल पानी उघड्यावर ठेवत्यात, आन् ह्ये शिक्का मारून! मला वाटलं, चांगलं औशद मोठ्या लोकांसाठी दडवलंय.” तिचे काय चुकले? येसूबाई नऊ दिवस सांगलीला दवाखान्यात आहे, त्या मुदत संपलेल्या औषधाने मूत्रपिंडे बिघडली आहेत. तान्हे लेकरू आजीच्या मांडीवर रडते आहे.

४. आणि चोरीच्या पंचनाम्याला तिन्ही साहेब दुसऱ्याच दिवशी जीपने हजर! खड्डा ओलांडून आले, चोवीस कॅप्सूल कमी भरल्या म्हणून मनुबाईवर तक्रार केली, आणि पेट्या पुरावा म्हणून पुन्हा सील करून गेले. लाज कशी वाटली नाही?

५. सबब, मनुबाईवरील तक्रार मागे घ्यावी व सोमवार दि. १३ पर्यंत पेट्या नष्ट कराव्यात. नाहीतर मंगळवारी सकाळी दहाला कुलूप मी फोडणार. औषधे नष्ट करायला समिती येत नाही, चोरी झाली की येते. म्हणून ही चोरी मीच करीत आहे. पंचनाम्याला तिघेही या. मी पेट्या घेऊन खड्ड्यापाशी उभा असेन.

आपला, आजवर नम्र राहिलेला,
लालासाहेब नाथाजी खराडे
द्राक्ष बागायतदार, पिंपळखोरी

सोबत : येसूबाईच्या दवाखान्यातील कागदाची नक्कल.