सातवं दार

अमरावती, माघ, शके १७८५

प्रिय देवीदास,

तुझी दोन पत्रं आली, उत्तर एकाचंही दिलं नाही. आळशी म्हण हवं तर. रोज टेकडीवर पाणी चढवून खांदे असे भरून येतात की बोरू धरवत नाही.

आपली टेकडी आता तुला ओळखू येणार नाही. खालची काळी जमीन भाजीपाल्याला हवी म्हणून आजोबांच्या वेळी आपण सगळ्या माळ्यांनी वर मुरमावर घरं बांधली. विहीर मात्र राहिली पायथ्याला. पहाटे अकरा दारांत अकरा माणसं उभी राहायची आणि घागर हातोहात वर जायची. पहिली घागर सगळ्यात वरच्या घरी, म्हणजे आपल्या आईकडे. गोदाबाईनं तर आईशी चार वर्षं अबोला धरला, पण घागर कधी अडवली नाही.

दूरदेशी लढाई पेटली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि आपल्या कापसाला असा भाव आला की निम्मी टेकडी गाड्या हाकायला गेली. तरीही उरलेल्यांनी निभावलं असतं. पण सातवं दार बंद झालं. तुझ्या वाटणीच्या ज्या अंगणातून घागर वर जायची, तिथे आता व्यापाऱ्याचं कापसाचं कोठार आहे. भिंत घातली, कुलूप लावलं. आता ज्यानं त्यानं आपलं पाणी चढवायचं.

आई तुझ्या निरोपांना उत्तर का देत नाही, दिवाळीचा फराळ का आला नाही, असं तू विचारलंस. अंगण व्यापाऱ्याला तू दिलंस असं ती समजत होती. तसं मीच सांगितलं होतं. अंगण मी दिलं, देवीदास. जो तो कमावत होता, मलाही मोह झाला, आणि आईसमोर कबूल करायची छाती झाली नाही. तू लांब अकोल्याला होतास. तुझं नाव घेणं सोपं गेलं.

सोमवारी आई स्वतःच कळशी घेऊन चढत होती. त्या भिंतीपाशी पडली, गुडघा फुटला, आणि तिथे बसून तिनं तुला तळतळून शाप दिला. मला ऐकवेना. सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मले अकोल्याले जायचं हाय. तू येऊ नको संग."

गुरुवारी शेजारच्या पुंजारामच्या गाडीनं ती निघते आहे. रविवारी वेशीवर उभा राहा. उतरताना हात दे, गुडघा दुखतो हे ती सांगणार नाही. सकाळपासून तुझी माफी कशी मागायची ते ती स्वतःशी पुटपुटते आहे. ते शब्द तिला बोलू देऊ नकोस. ते मी बोलायचे आहेत.

तुझाच,
सूर्यभान