दारावरचा रुमेन

लुबेन,

तू सोफियाहून येणार म्हणून काल एका शिपायाने आमच्या दारावरचा रुमेनचा श्रद्धांजलीचा कागद फाडला, म्हणून हे लिहिते आहे.

“मावशी, मंत्रिसाहेब इथूनच जाणारेत. दार कसं चकाचक हवं!”

“असला कागद ऊनपावसाने झडतो, माणसाने फाडायचा नसतो. आईने एवढंही शिकवलं नाही तुला?”

“वरून हुकूम आहे हो.”

वरून म्हणजे तुझ्याकडून. त्या कागदावरचा माझ्या भावाचा चेहरा तुला बघवला नसता. बसचे ब्रेक गेलेत हे त्याने मालकाला तीनदा सांगितलं होतं, तरी अपघातानंतर पकडलं ते मेकॅनिक म्हणून त्यालाच. तू त्याचा वकील. म्हणालास, “ताई, त्याला गुन्हा कबूल करू दे. सहा महिन्यांत घरी येऊन तुमच्या हातच्या भाजलेल्या मिरच्या खाईल.” तो तुरुंगातच मेला.

मंत्री झाल्यावर तू ऑफिस बंद केलंस आणि अशिलांच्या फायली न चाळताच घरोघरी परत पाठवल्यास. रुमेनच्या फायलीत तू बसमालकाला लिहिलेली आणि त्याने खाली ‘मान्य’ लिहून परत धाडलेली चिठ्ठी निघाली: “पोरगा कबुली देतोय. तुमचं नाव येणार नाही. माझ्या निवडणुकीचं तेवढं लक्षात ठेवा.”

वकील म्हणून तुला आईनेच निवडलं होतं; हे तिला सोसलं नसतं, म्हणून ती होती तोवर मी गप्प बसले. आता ती नाही.

हे पत्र तुला पाठवणार नाही. आधी कळलं तर तू पुन्हा वकिली करशील.

दोन्का

सुपूर्द: लुबेनच्या हस्ताक्षरातली मूळ चिठ्ठी, एक. वृत्तपत्राच्या संपादक राडाबाई यांच्याकडे, आज सकाळी. पोच घेतली. उद्या पहिल्या पानावर.