उपयोग झाला नाही, हे सांगायला आलीस

बेटेगाव, बोईसर

प्रिय प्रतीक्षा,

आधी ‘आदरणीय मॅडम’ असं लिहिलं होतं, मग खोडलं. माझा स्वराज तुला पहिल्या दिवसापासून दीदी म्हणायचा, तूही मला ताई म्हणतेस, मग मध्येच परकेपणा कशाला? फोनवर मला नीट बोलता येत नाही. मी रडत बसते आणि तूच माझी समजूत काढत राहतेस. म्हणून लिहितेय.

इकडे बरं आहे. यांची सध्या दुपारपाळी आहे. मी ब्लाउज शिवायला पुन्हा घेते आहे, हात गुंतलेले असले की दिवस जातो. संध्याकाळी वारा आमच्या बाजूला वळला की एमआयडीसीचा वास घरात शिरतो, मग खिडक्या लावून बसायचं. तुला तो वास पहिल्याच वेळी नकोसा झाला होता, पण तू रुमाल नाकाला लावला नाहीस, ते मी पाहिलं होतं.

तो दिवस मला वरचेवर आठवतो. स्वराजचे स्नायू झिजत चालले होते. लाखांत एखाद्याला होणारा आजार, त्यावर औषध नाही, हे ऐकून ऐकून आम्ही दमलो होतो. अशात तुमच्या संशोधन संस्थेत नव्या औषधाची चाचणी निघाली आणि त्याला तिच्यात घेतलं. वर्षभर सुया, रक्त, चालण्याची परीक्षा. वर्ष सरलं आणि आम्ही निकालाकडे डोळे लावून बसलो. मला वाटलं होतं, काही चांगलं असेल तर बोलावतील, नसेल तर कोणी कळवणारही नाही. तर भर उन्हाची तूच चाळीत येऊन उभी राहिलीस. स्वराजने तुला ताडगोळे दिले, ते तू चवीने खाल्लेस आणि मग त्याच्यासमोरच, त्याला कळेल असं सांगितलंस, “स्वराज, औषधाचा उपयोग झाला नाही. तुलाही नाही आणि बाकीच्या मुलांनाही नाही. दोघांच्या लिव्हरला त्रास झाला, तो औषध थांबवल्यावर गेला.”

हे चिडले. “मग माझ्या पोराने वर्षभर सुया कशासाठी टोचून घेतल्या?” माझ्याही मनात तेच होतं. तू त्यांच्याकडे सरळ बघत म्हणालीस, “दादा, हे औषध चालत नाही हे आज फक्त आपल्याला माहीत आहे. मी सगळं उघड मांडणार आहे, आकडे, त्रास, आमचं चुकलं तेसुद्धा. नाहीतर दुसरीकडे कोणीतरी दुसऱ्या मुलाला हेच टोचत बसेल.” यावर स्वराजने विचारलं, त्यात माझं नाव येणार का? नाही म्हटल्यावर त्याचं तोंड पडलं. मग तू त्याला म्हणालीस की तुझे आकडे तर येणार, आणि ते सगळ्या जगाला दिसणार. पुढे कितीतरी दिवस तो शेजाऱ्यांना सांगत होता, माझे आकडे जगात गेलेत.

हे करताना तुला काय सोसावं लागलं, ते तू कधी सांगितलं नाहीस. पालकांच्या ग्रुपवरून कानावर आलं. फसलेलं काम दाखवून कोणी मोठं होत नाही, असं तुझ्या साहेबांनी ऐकवलं म्हणे. संशोधनाच्या मासिकांनी तुझा लेख परत पाठवला. मग तू ते सगळं कोणालाही फुकट वाचता येईल अशा ठिकाणी ठेवलंस आणि आम्हा पालकांसाठी मराठीत दोन पानं वेगळी लिहिलीस. औषध सुरू करायला कदाचित उशीर झाला असेल, हेही त्यात होतं. ती पानं यांनी जेवायचं सोडून वाचली. कंपनीत हे रसायनं शिजवायच्या रिॲक्टरवर असतात. म्हणाले, “बॅच बिघडली तर पुढच्या पाळीला सांगून जावं लागतं. लपवलं तर त्यांचीही बिघडते, एखादा भाजतोसुद्धा. ही पोरगी पाळी नीट सोपवून चाललीय.” त्या दिवसापासून त्यांचा तुझ्यावरचा राग गेला.

मागच्या आठवड्यात मासवणहून नवसी आली. डोंगरातली बाई. थोडं भात पिकतं, पुढे नवरा-बायको वीटभट्टीवर जातात. तिच्या जमुनाला हाच आजार निघालाय. पालघरच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला विचारून तिला माझा पत्ता दिला होता. पोरीला न दुखवता उचलायचं कसं, एवढंच तिला शिकायचं होतं. चहा पिता पिता म्हणाली, “मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर एक औषद देनार होता. मंग त्याने काम्पुटरवर बगितला नि बोलला, नको. ते पोरांना देऊन झालाय. गुन नाय आला, तरास झाला.” त्याऐवजी त्यांनी पायाला पट्टे दिले, श्वासाचे व्यायाम लावले. जमुना अजून अंगणात हिंडते.

मी म्हटलं, “त्या पोरांतला एक माझा.”

तिने घरभर नजर फिरवली. “कुठं हाय तो?”

मग मी सांगितलं. श्रावणात छातीत कफ साठला आणि त्याला तो खोकून काढता आला नाही. औषधाचा त्यात दोष नव्हता, ते बंद होऊन बराच काळ झाला होता. आम्हाला शंका राहू नये म्हणून सगळे कागद तूच तपासलेस. नवसी उठून माझ्याशेजारी येऊन बसली. नंतर मी तिलाच चटईवर आडवं केलं आणि कुशीवरून कसं उठवायचं ते दाखवलं. स्वराज गेल्यापासून माझ्या हातांनी ते केलं नव्हतं. हात विसरले नव्हते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. चाचणीत तुला पाठवायचो तसंच, ती संपल्यावरही दर रविवारी तो खुर्चीतून उठताना हे मोबाइलवर चित्रण करायचे, शेवटच्या रविवारपर्यंत. हे तुला ठाऊक आहे. तू ते मागितलं नाहीस, म्हणून ते मोबाइलमध्येच राहिलं, आणि श्रावणानंतर तर तुला मागणं शक्यच नव्हतं. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलंय, ते सगळं तुला द्यायचं. औषध थांबल्यावर पुढे काय झालं हे कोणाला तरी बघायला लागेलच. त्यात सुधारणा कुठेच नाही, तू म्हणतेस तसा नकारात्मक निकालच आहे. तरी मांड. नियमाप्रमाणे चेहरा झाकावा लागेल, आवाजही काढावा लागेल. दर वेळी, मग आधाराने का होईना, उठून उभा राहिला की तो “झालं, दीदीला पाठवा” म्हणतो. जगाला ते ऐकू आलं नाही तरी चालेल. तू मात्र आवाज काढण्याआधी एकदा ऐक.

तुझीच,
भावनाताई