नूरीचा सौदा

पांढरकवडा,
२२ एप्रिल २०२५

प्रिय अब्रार,

सलाम. तू, भावजय आणि आरजू सुखरूप असाल. इथे ऊन असं की कोंबड्यासुद्धा टेम्पोखालून हलत नाहीत. आरजूची परीक्षा संपली का? तिला सांग, तिच्या या फुप्पीने कैरीचं लोणचं घातलंय.

चिठ्ठी बघून हसू नकोस. फोन सध्या यांच्या, तुझ्या दुल्हेभाईंच्या, खिशात असतो. शेजारच्या तानाबाई लेकीकडे ढाणकीला निघाल्यात, त्यांच्या हाती देते आहे.

तू वरातीच्या धंद्यात पडतोस आणि घोडी शोधतोस, हे ऐकून बरं वाटलं. दुल्हेभाई गुरुवारी आमची नूरी तुला विकायला आणतील. देखणी आहे, चाल छान आहे, पोरांनी शेपटी ओढली तरी हूं की चूं करत नाही. हे सगळं खरं आहे.

पण गिऱ्हाईक बघतं तेवढं तूही बघ. दात बघ, खूर बघ. आणि डीजेची गाडी जवळ उभी करून जोरात वाजवायला सांग. हल्ली सगळेच सांगतात, त्यात कोणाला वावगं वाटणार नाही.

आता तुझ्यापाशी आडपडदा कशाला? बाभुळगावच्या वरातीत डीजेचा दणका बसला आणि नूरी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. नवरदेव कसाबसा टिकला, त्याच्यापुढे बसवलेला भाचा पडला. पोराचा हात मोडला, डोकं थोडक्यात वाचलं. तेव्हापासून तिला इकडे कोणी बोलावत नाही.

तुझे दुल्हेभाई वाईट नाहीत रे. तिची आयाळ विंचरताना मी त्यांना रडताना पाहिलंय. पण मला बजावलंय, "माहेरी एक शब्द गेला, तं तिथंच राह्यजो."

इकडे आड, तिकडे विहीर. लगाम तू धरणार, आरजू तुझ्या बाजूने पळणार. तू समजदार आहेस. चिठ्ठी चुलीत टाक.

तुझी आपा,
हलीमा


पांढरकवडा,
२६ एप्रिल

अब्रार,

गाढवा, काय करून बसलास!

परवा हे रिकामा टेम्पो घेऊन आले, एकदम खुशीत. "तुह्या भावानं दातबी पाहले नाही. म्हणे, आपाच्या घरची घोडी हाय, तिले तपासू कायले?" हातात नूरीचं दावं होतं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं ना. मी चहा ठेवायला वळले, माझं तोंड दिसू नये म्हणून.

आज तानाबाई परतल्या. चिठ्ठी तू सौद्याआधीच त्यांच्यासमोर वाचलीस म्हणे. म्हणजे सगळं माहीत असून घेतलीस. तपासली असतीस तर संशय माझ्यावर आला असता, हेच ना? तुझा राग येतो आणि तुझ्यावरून जीव ओवाळून टाकावासाही वाटतो.

वर उद्या संध्याकाळी पहिली वरात धरलीस, आणि नूरीच्या कानात कापूस घालणार आहेस! कापसाने भागत नाही रे. बाभुळगावलाही कापूस होताच.

मग भाकरी थापता थापता मी यांना सांगून टाकलं, अब्रारला मी लिहिलं होतं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग विचारलं, "अन् तो तरीबी गप राह्यला?" मी हो म्हटलं. तसेच उठून डिझेल भरायला गेले. येऊन म्हणाले, "सकाळी ढाणकीले जाऊ. तुई पिशवी भर."

आता यांच्याकडे फोन मागता येईल, पण तुझा आवाज ऐकला तर रडू फुटेल, म्हणून पुन्हा चिठ्ठीच. तानाबाईंना सोडायला आलेला त्यांचा जावई प्रेमसिंग आता ढाणकीला परत निघालाय, त्याच्या हाती देते. आम्ही येईपर्यंत नूरीवर खोगीर चढवू नकोस. वरातवाले शिव्या घालतील, घालू देत.

पिशवी भरून झाली. परतीच्या टेम्पोत नूरी असणार, हे नक्की. मी असेन की नाही, ते यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. भावजयीला म्हणावं, एक अंथरूण जास्तीचं काढून ठेव.

तुझी आपा,
हलीमा