झऱ्यावरच्या उताराचा राखणदार

सान किंतिन, १२ मार्च २००४

ती. आईस सा. न., चिडलेल्या लेकाची वि. वि.

तरी मी सांगत होतो, सभेत नुसती मागे बसून येऊ नकोस. आता केला ना झऱ्यावरचा उतार बंद! जंगल राखलं की खालचं शहर पाण्यापोटी गावाला पैसे देतं, ते घ्यावेत, मी कुठं नको म्हणतो? पण तिथं शेळ्या कुणाच्या चरायच्या? तुझ्या आणि आणखी चार विधवांच्या. गाईवाल्यांच्या कुरणाला मात्र कुणी हात लावला नाही. वर पैशातही आपला वाटा नाही. का नाही, ते सरपंच तिबुर्सिओकाकांना विचार.

मी टोमॅटो तोडतोय. हा चौथा मुकादम. आधीच्या तिघांना माझा स्वभाव समजला नाही.

माया आहे तशी ठेव.
तुझा एलादिओ

सांता रुफिना, ४ एप्रिल

चि. एलादिओ यास अ. उ. आ.

विचारलं. तिबुर्सिओ म्हणाले, वाटा गावकीच्या कामाला येणाऱ्याचा, तुझा मुलगा तीन वर्षं आला नाही. मी म्हटलं, त्याच्या जागी मी येत होते. ते म्हणाले, काम चांगलं केलंस, पण यादीत नाव त्याचं आहे.

परवाच्या सभेत तुझी निवड झाली. तू वर्षभर त्या उताराचा राखणदार. हजर नसलेल्याला नेमलं की वाद होत नाही. वर शेळी दिसली की पकडून गावात आणून बांधायची. सध्या दिसतात त्या आपल्याच. पगार नाही. महिन्याभरात आला नाहीस तर यादीतून नाव जाईल आणि घराची जागाही. नाहीतर बदली द्यायचा, त्याची मजुरी आपण भरायची. तिबुर्सिओंचा पुतण्या तयार आहे.

आठ शेळ्या विकल्या, चौदा उरल्या. वेळेवर जेवत जा.

तुझी आई, फिदेन्सिया

सान किंतिन, २२ एप्रिल

ती. आईस सा. न., यावेळी थोडं शांतपणे वि. वि.

पत्र वाचून पिशवी भरली होती. येऊन काकांच्या दारात उभं राहायचं ठरवलं होतं. पण आमच्या खोलीतले मेलितोनबाबा पलीकडच्या गावात दोनदा सरपंच होते. ते म्हणाले, बस खाली. बदली घरचीही चालते, आणि जो राखणदारी करतो तो सभेत पुढे बसतो, त्याचा हात मोजावाच लागतो.

तेव्हा माझ्या बदली तू. सोबतची चिठ्ठी काकांना दे. बाई कशी चालेल म्हणतील. म्हण, मग पुतण्याला उद्या पहाटे वर पाठवा. तो सकाळी नऊला उठतो हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

राखण मात्र इमानानं कर. आपली शेळी दिसली तर तीच आधी बांध, सगळ्यांच्या देखत. मग पुढच्या सभेत हात वर करून विचार, डोंगर सगळ्या गावासाठी राखायचा तर खालच्या कुरणाचा एक तुकडा शेळ्यांना का नाही, आणि शहराचे पैसे विधवांच्या घरी का नाहीत. त्या चौघींनाही पुढेच बसव.

भांडायला मी नाही, याचं वाईट वाटतं. लोभ असू दे. राग आला तर तोही कळव.

तुझा एलादिओ

बदलीची मजुरी बुडवायची नसते. पहिल्या महिन्याची पाठवतोय, बाराशे पेसो.